पोकळ भिंतीवरचा टीव्ही

कंपनीतल्या लोकांनी माझ्या नवऱ्याला निरोपाला टीव्ही दिला, तेव्हा यांना रिमोटचं बटणसुद्धा दाबता येत नव्हतं.

ते सिमेंट कंपनीत इलेक्ट्रिकल फिटर होते. गडचांदूरच्या क्वार्टरमध्ये आमची एकोणीस वर्षं गेली. मी जवळच्याच एका उपकेंद्रात नर्स होते. आम्हाला मूलबाळ नाही. कंपनीत कुठं मोटर जळाली, कुठं पॅनल बंद पडलं की घरी फोन यायचा, आणि हे ताटावरून उठून जायचे. परत आले की हात साबणानं तीनतीनदा धुवायचे, तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच.

एक दिवस सकाळी ते शर्टाचं वरचं बटण लावत आरशासमोर उभे होते. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, म्हणून मी आत गेले.

"अंगठा आयकून नाई राह्यला," ते म्हणाले.

मी त्यांचा हात हातात घेऊन पाहिला. अंगठा आणि बोट यांच्यामधलं मांस खाली बसलं होतं. दंडावर कातडीखाली काहीतरी सारखं फडफडत होतं. मी नर्स आहे, मला थोडं कळलं. आपल्याला कळतं ते अर्धवट असावं, चुकीचं असावं, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

नागपूरला तपासण्या झाल्या. दंडात, मांडीत, जिभेतसुद्धा सुया टोचून झाल्या. डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून नीट सांगितलं. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा मरत चालल्यात. हात जातील, पाय जातील, बोलणं जाईल, गिळणं जाईल, शेवटी श्वास. डोळे आणि बुद्धी मात्र शेवटपर्यंत राहतील. औषध आहे, पण ते काही महिने पुढं ढकलतं, एवढंच.

बाहेर येऊन ते बाकावर बसले. मग म्हणाले, "म्हणजे मोटर चांगली हाय. वायरिंग गेली."

मी मान हलवली.

"आनं वायरिंग बदलता येत नाई."

"नाही," मी म्हटलं.

दीड वर्षात नोकरी सुटली, क्वार्टर सोडावं लागलं. पोंभुर्ण्याला माझ्या सासूबाई एकट्या राहायच्या, त्या घरी आम्ही आलो. मलाही नवऱ्याच्या आजारपणाच्या कारणावर तालुक्यातल्याच एका उपकेंद्रात बदली मिळाली. घर साधं होतं, एक लांबलचक हॉल, स्वयंपाकघर आणि सासूबाईंची लहानशी खोली. मोरी आणि संडास हॉलच्या मागच्या टोकाला. आता यांना तिथपर्यंत चाकाच्या खुर्चीवर न्यावं लागणार होतं आणि चारचौघांसमोर अंग पुसावं लागणार होतं, म्हणून हॉलचा मागचा भाग आडोसा करून वेगळा काढायचं ठरलं. विटांची भिंत घालायची तर खाली पाया हवा, आणि तेवढी सवड आमच्याकडे नव्हती. चंद्रपूरहून दोन माणसं आली, त्यांनी पत्र्याचे पातळ चॅनेल उभे केले, दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड ठोकले, सांधे भरले, रंग मारला. तीन दिवसांत भिंत उभी, यांची खाट तिच्या मागच्या बाजूला. बोटानं वाजवली की रिकाम्या डब्यासारखी वाजायची.

सासूबाईंनी तिला हात लावून पाहिला. "हे का भिंत हाये? बकरी टेकली तं पडन."

त्यानंतर पंधरा दिवसांनी कंपनीतले चौघे जण टेम्पोत टीव्ही घेऊन आले. पासष्ट इंची, जाडजूड, दारातून आडवा करून आत घ्यावा लागला. सगळ्यांनी मिळून घेतला होता. त्यांच्यातला सगळ्यात जुना सोबती खाटेच्या काठावर बसला आणि म्हणाला, "आता मस्त आराम कर. मॅचा पाह्य."

हे हसले. या आजारात हसू आणि रडू दोन्हींवरचा ताबा सुटतो. एकदा हसू आलं की थांबत नाही, मनात हसू असो की नसो. ते चौघेही आधी सोबत हसले. मग हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तोंडातून लाळ आली, तेव्हा चौघेही फरशीकडे पाहत बसले. मी नॅपकिननं तोंड पुसलं आणि चहा टाकायला गेले. चहा न घेताच निघतो म्हणत होते, पण मी थांबवलं.

टीव्ही आम्ही खाटेच्या पायथ्याशी टेबलावर ठेवला. तोवर यांची मान पुढे पडायला लागली होती, म्हणून डोकं उशीवर मागे टेकवून ठेवावं लागे. तसं टेकवलं की नजर वर जायची. टेबलावरच्या टीव्हीचा वरचा काठ तेवढा दिसायचा. बॅट्समनचं हेल्मेट दिसे, बॅट दिसत नसे. उशी काढली तर हनुवटी छातीवर आपटायची आणि श्वास अडकायचा. टीव्ही वर हवा होता, थोडा खाली झुकवलेला. आणि खाटेसमोर ती बोर्डाची एकच भिंत होती. डोक्याकडच्या भिंतीचा उपयोग नव्हता, एका बाजूला खिडकी आणि कूलर, दुसऱ्या बाजूला मोरीचं दार.

चौकातल्या दुकानातून एक मिस्त्री आला. डिश बसवणारा, पंखे बसवणारा. त्यानं भिंतीवर टिचक्या मारल्या आणि ड्रिल मशीन काढली.

"भाऊ," हे खाटेवरून म्हणाले, "बोर्डात गिट्टी नाई धरत."

गिट्टी म्हणजे स्क्रू पकडून ठेवायला भोकात ठोकतात ती प्लास्टिकची नळी. विटांच्या भिंतीत ती घट्ट बसते. पण यांची जीभ तोवर जड झाली होती, शब्द एकमेकांत चिकटून यायचे. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणून राह्यले ते?"

मी सांगितलं.

"त्यायले म्हणा, आराम करा. मी रोज लावतो टीव्ह्या." आणि मग आवाज खाली आणून, जणू हे तिथं नव्हतेच, मला विचारलं, "समजते का त्यायले?"

"सगळं समजतं," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा जास्त समजतं."

असं म्हटलं खरं, पण त्याला थांबवलं नाही. कुणीतरी येऊन काम करतंय, आपल्याला काही करावं लागत नाहीये, एवढ्यावरच मी खूश होते. त्यानं सहा गिट्ट्या ठोकल्या, ब्रॅकेट कसलं, टीव्ही चढवला आणि गेला.

दोन दिवस टीव्ही टिकला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी यांना पेज भरवत होते. भिंतीतून करकर आवाज आला आणि पांढरी भुकटी खाली पडायला लागली. वरच्या दोन गिट्ट्या बोर्डाचा तुकडा घेऊन बाहेर आल्या होत्या, ब्रॅकेट पुढे वाकलं होतं. मी वाटी टाकून धावले आणि टीव्ही खालून दोन्ही हातांनी धरला. सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, त्यांनीही हात लावला, पण त्यांच्या हातात जोर किती. शेजारचे दोघे भाऊ धानाच्या मळणीवरून घरी जेवायला आले होते, ते ओरडा ऐकून आले आणि त्यांनी टीव्ही उतरवला.  आणि इतका सगळा वेळ हे खाटेवर हसत होते, थांबता न येणारं ते हसू. मला माहीत होतं ते कशामुळं आहे. तरी त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

भिंतीला दोन भोकं पडली होती, मूठ जाईल एवढी.

त्या मिस्त्रीला पुन्हा बोलावलं तर तो म्हणाला, भिंतच खराब आहे. गावातला सुतार येऊन पाहून गेला. "मी दारं-खिडक्या करतो सिस्टर, ह्या पोकळ भिंतीले मी हात नाई लावत." भिंत घालून देणारे चंद्रपूरचे ते दोघे आंध्राकडं कामाला गेले होते.

संध्याकाळी यांनी मला जवळ बोलावलं. "तू लाव," ते म्हणाले. "मी सांगतो."

मी आयुष्यात इंजेक्शनं दिली, टाके घातले, सायकलच्या कॅरिअरवर बसून जाऊन बाळंतपणं केली. ड्रिल मशीन कधी धरली नव्हती. घरात यांची स्वतःची मशीन होती, लोखंडी पेटीत, फडक्यात गुंडाळलेली. तिला मी हात लावलेला त्यांना चालत नसे. मी ती काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. ते तिच्याकडे पाहत राहिले. बोटं हलवायचा प्रयत्न केला असावा, कारण मनगट जरासं थरथरलं. मग म्हणाले, "आधी चॅनेल शोध."

जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक काढायला लावलं. ते दोऱ्याला बांधून भिंतीवरून हळूहळू सरकवायचं. जिथं आत स्क्रू असेल तिथं चिकटतं. एकाखाली एक स्क्रू सापडले की समजायचं, इथं चॅनेल उभा आहे. मी खडूनं खुणा केल्या. दर दोन फुटांवर एक चॅनेल निघाला.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. एकेक वाक्य, मध्ये दम घेत. चॅनेल म्हणजे काही लोखंडी गर्डर नव्हे, पातळ पत्रा आहे. टीव्हीचं वजन नुसतं खाली ओढत नाही, वरचा बोल्ट बाहेरही ओढतं. साधा स्क्रू पत्र्यातून उपटून येईल. म्हणून चार फूट लांब जाड प्लाय तीन चॅनेलवर आडवा टाकायचा, म्हणजे वजन वाटलं जाईल. आणि बोल्ट टॉगलचे घ्यायचे. त्याला पुढं स्प्रिंगचे दोन पंख असतात. मिटून भोकात घालायचे, पत्र्याच्या मागं गेले की उघडतात. मग पुढून कसलं की पत्रा मधे दाबला जातो.

"ते मंग बाहेर नाई येत," ते म्हणाले. "बोल्ट पूरा काढला, तं पंख आत पडते. तो गेला."

गडचांदूरला असताना त्यांच्या कामाबद्दल मी कधी एवढं ऐकलं नव्हतं. एकोणीस वर्षं मी फक्त शर्टावरचे ग्रीसचे डाग पाहिले.

सुतारानं प्लाय कापून, त्यावर ब्रॅकेट बोल्टानं पक्कं करून दिलं, तेवढं तो करायला तयार झाला. टॉगल बोल्ट आणायला मी चंद्रपूरला गेले. दोन दुकानांत असलं काही ठेवत नाही म्हणाले, तिसऱ्यात मिळाले.

रविवारी दुपारी आम्ही सुरुवात केली. शेजारच्या भावांनी प्लाय धरला, मी तो बारीक स्क्रूंनी चॅनेलवर अडकवला, ते मळणीला परत गेले. आता मोठी भोकं पाडायची होती. यांना मी खुर्चीवर बसवलं, मान पट्ट्यानं मागे बांधली, भिंतीपासून चार फुटांवर.

पहिल्या भोकाला मी जोरात दाबलं आणि मशीनच्या टोकाचा बिट तुटला. दुसरा बिट लावला. भोक पडलं, टॉगल घातला, पंख उघडल्याचा आवाज आला. मी पाना उलटा फिरवला. पंख सुटून भिंतीच्या आत खाली पडला. टिकटिक करत पार तळापर्यंत गेला.

"पाडला ना," ते म्हणाले.

दुसराही तसाच पडला. या वेळी मी बरोबर फिरवत होते असं मला वाटत होतं.

"आयकू नाई येत तुले? कुठी लक्ष हाय? दहा डाव सांगतलं, आधी बाहेर ओढून धर, मंग फिरव." जीभ जड असली तरी राग स्पष्ट होता. कंपनीत हाताखालच्या लोकांवर असेच ओरडत असतील. त्या दिवशी मी पहाटेपासून उभी होते. त्यांना उठवलं होतं, पुसलं होतं, भरवलं होतं, दोनदा कपडे बदलले होते. माझ्या केसांत, डोळ्यांत पांढरी भुकटी गेली होती.

"तुमच्यानं काही होत नाही ना," मी म्हटलं, "मग चूप बसा."

स्वयंपाकघरात सासूबाई तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज थांबला.

यांनी डोळे मिटले. मान बांधलेली होती, त्यामुळे तोंड वळवता येत नव्हतं. फक्त डोळे मिटता येत होते, तेवढे मिटले.

मी मशीन खाली ठेवून मागच्या अंगणात गेले आणि पाण्याच्या टाकीला टेकून बसले. मी गावोगाव लोकांना सांगत फिरते की आजारी माणसाशी गोड बोला, त्याला ओझं वाटू देऊ नका. टाकीला टेकून मला ते सगळं आठवलं. रडू आलं नाही. फक्त असं वाटलं की आता आत जाऊच नये. पण त्यांना खुर्चीत बांधून ठेवलेलं होतं, मान दुखत असेल, म्हणून उठले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सासूबाईंना लागेल तेवढं सांगायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची दाढी करत होते. गालावर साबण होता. ते म्हणाले, "बरोबर बोलली तू."

मी वस्तरा थांबवला. "मी थकले होते. तसं म्हणायचं नव्हतं."

"नाई. बरोबर हाय. माह्याच्यानं होत नाई. तुह्याच्यानं होते." थोडा दम घेतला. "मले फक्त आयकू येते. तं मी आयकतो. तू कर."

पुढच्या रविवारी तसंच केलं. मी मशीन चालवायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. आधी लाकडाचा जाड आवाज, मग बोर्डाचा मऊ, फुसफुसणारा. "आता पत्रा येईन," ते सांगायचे, आणि दुसऱ्या क्षणी पत्र्याची कर्कश किरकिर सुरू व्हायची. "हलकं धर. बिटाले त्याचं त्याले खाऊ दे." किरकिर थांबून बिट आत गेला की म्हणायचे, "झालं, काढ." एकदाही चुकलं नाही. हळूहळू मलाही आवाज कळायला लागले. शेवटच्या तीन भोकांना ते काही बोललेच नाहीत. मी वळून पाहिलं, वाटलं झोपले, तर डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच पाहत होते.

बारा बोल्ट बसले. मी म्हटलं, बोलावते शेजाऱ्यांना.

"थांब. आधी तू लटक."

"काय?"

"प्लायले धर आनं लटक. टीव्हीपेक्षा जड हायेस तू."

मी पदर खोचला, स्टुलावर उभी राहून प्लायची वरची कड दोन्ही हातांनी धरली आणि पाय उचलले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सून भिंतीला वटवाघळासारखी लटकलेली. भिंत जराही करकरली नाही. मी लटकलेली असतानाच हे हसायला लागले, आणि या वेळी मलाही हसू आलं, हात सुटून मी खाली आले. ते हसू आजाराचं होतं की त्यांचं, मला ठरवता आलं नाही. मी ठरवायच्या भानगडीत पडले नाही.

टीव्ही चढला. उशीवर डोकं टेकून त्यांना पूर्ण पडदा दिसायला लागला. एक महिनाभर त्यांनी मॅचा पाहिल्या. मग कारखान्यांचे कार्यक्रम लावायला सांगायचे, रेल्वेची इंजिनं कशी बनतात, धरणाचे दरवाजे कसे चालतात असले. मी ड्यूटीवर जाताना लावून जायची, परत येईपर्यंत तेच सुरू. चॅनेल बदलायला सासूबाईंना जमायचं नाही.

एक दिवस आले तर टीव्ही बंद होता. सासूबाईंनी सांगितलं, त्यांनीच बंद करायला लावला, वायर काढून.

"काऊन?" मी विचारलं. त्यांच्यासोबत राहून मीही कधी कधी त्यांच्यासारखं बोलते.

त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला. तोवर एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"त्यात सगळे हालून राह्यले," ते म्हणाले.

त्यानंतर तो पुन्हा लावला नाही. मी एकदोनदा विचारलं. मग विचारणं सोडलं. एवढ्या खटपटीनंतर एवढंच हाती लागलं, असं माझ्या मनात यायचं, आणि असं मनात आलं म्हणून स्वतःचीच लाज वाटायची.

थंडी सरता सरता त्यांचं बोलणं पूर्ण गेलं. मी एका पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली, ओळीओळीनं. मी बोट फिरवायची आणि हवं ते अक्षर आलं की ते पापण्या मिटायचे. काना-मात्रा सोडून द्यायच्या असं ठरवलं होतं, नाही तर एका शब्दाला अर्धा तास लागायचा. तहान, कूस, माशी, उजेड, बहुतेक शब्द असेच असायचे.

एका रविवारी त्यांनी 'ब' वर पापण्या मिटल्या. मग 'ल'. मी म्हटलं, "बोल? मी बोलू काहीतरी?" मला वाटलं, इतक्या दिवसांत आम्ही कामापलीकडे काही बोललो नाही, तर यांना माझा आवाज हवाय.  पण त्यांनी डोळे उघडेच ठेवले, म्हणजे नाही. मी पुढं बोट फिरवलं. 'ट'. मग 'क'. मग 'स'.

बोल्ट कस.

मी पाना आणला, स्टूल ठेवलं, वर चढले. वरची ओळ, मधल्या दोन, खालची. टीव्हीच्या मागं हात घालून जिथवर पोचला तिथवर एकेका बोल्टाला पाना लावून पाहिला आणि दरवेळी वळून त्यांना सांगितलं, "हा घट्ट आहे." एकही ढिला नव्हता. सगळे झाल्यावर त्यांनी पापण्या मिटल्या, लांब, जशा 'हो' म्हणताना मिटायचे. मग त्यांना श्वासाच्या मशीनचा मास्क लावला. तोवर दिवसाचाही बराच वेळ मास्क लागत होता. दवाखान्यात नेऊन गळ्यात नळी टाकायची नाही, हे त्यांनी बोलता येत होतं तेव्हाच मला बजावलं होतं. मी कबूल केलं होतं. कबूल करणं सोपं होतं, तेव्हा ते लांब होतं.

ते गेले तेव्हा मी घरी नव्हते. दुपारची वेळ, उपकेंद्रात गरोदर बायांची तपासणी सुरू होती. सासूबाईंचा फोन आला. त्यांना फोन लावता येत नाही, शेजारणीनं लावून दिला असावा. पलीकडून काही बोलल्या नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता. मी समोरच्या बाईचं बीपी घेत होते. ते पूर्ण घेतलं, कार्डावर लिहिलं, आणि मग गाडी काढली. रस्त्यात दोन्ही बाजूंना सागाची पानं गळून पडली होती. मला एवढंच आठवतं की मी गाडी जोरात चालवली नाही.

विहारातली माणसं आली, त्रिशरण-पंचशील झालं. तिसऱ्या दिवशी कंपनीतले लोक आले. आता तिघेच होते. चौथ्याचं कंत्राट संपून तो तेलंगणात गेला होता. ते हॉलमध्ये बसले. जुन्या सोबत्यानं दारातून आतल्या खोलीत पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आत जाऊन प्लायवर हात फिरवला.

"पक्कं काम हाय," तो म्हणाला. "कोणं लावला?"

"तिनं," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केलं.

"त्यांनी," मी म्हटलं.

त्यानं दोघींकडे पाहिलं, पण पुढं विचारलं नाही. मग ते तिघं आपसांत कंपनीचं बोलायला लागले, कोणाचं काम गेलं, कोणाची शिफ्ट बदलली. मी ऐकत बसले. त्यांची गाडी यायची वेळ झाली तसे ते उठले.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी एका गावात लसीकरण होतं. सुट्टी अजून शिल्लक होती, तरी मी गेले. घरात बसून करायला काही राहिलं नव्हतं. लसीचा डबा घेऊन अंगणवाडीत बसले, बाया लेकरं घेऊन आल्या. त्यातली एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन समोर बसली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी बाळाची मांडी कापसानं पुसत होते.

"सिस्टर, मालक कसे हायेत आता?" तिनं विचारलं.

बाळ रडायच्या बेतात होतं. मी सुई तयार केली.

"तसेच आहेत," मी म्हटलं.